आपलं ते हे

९ जानेवारी

विहीणबाई,

नमस्कार. माझं पत्र बघून चकित झाला असाल. अकरा महिने आपण दोघींनी एकमेकींशी अवाक्षर काढलेलं नाही, आणि आता मीच लिहायला बसले आहे. फोन केला असता, पण तुम्ही फोनवर येतच नाही. मागच्या दोन्ही रविवारी तुमच्या धाकट्या बहिणीने घेतला. ताईंचा घसा बसलाय म्हणाली. बसतो घसा. तीस वर्षं बसस्थानकाच्या कर्ण्यावर गाड्या पुकारलेला घसा आहे, त्यालाही रजा हवीच.

कामाचं तेवढं लिहिते. आपली नात, माझं बटण, तुमच्याकडे दहा महिने राहून आलं त्याला आज तीन आठवडे झाले. तब्येत छान केलीत. दोन बोटं उंच झाली आहे, फ्रॉकची शिवण सोडावी लागली. त्याबद्दल तुमचे आभार मानायला हवेत, मानते. पण तिच्याबरोबर तुमच्या घरून एक शब्द आलाय, त्याचं काय करायचं ते सांगा.

‘आपलं ते हे.’

उठता-बसता तेच. “आजी, मला आपलं ते हे, पाणी दे.” पाण्याला काय आठवायचं असतं हो? “आज शाळेत ना, आपलं ते हे, बाईंनी आपलं ते हे, चित्र काढायला सांगितलं.” सहा वर्षांची पोर सत्तरीच्या बाईसारखी बोलते. इथे होती तेव्हा तिचं बोलणं कसं होतं हे तुम्हाला माहीत नसेल, मला माहीत आहे. इस्त्री मारलेल्या रुमालासारखं. चारी कोपरे जुळलेले.

इथे कोणी तसं बोलत नाही. माझा मुलगा बोलत नाही, तुमची लेक बोलत नाही. राहता राहिलात तुम्ही. माझा विश्वास बसेना. तुम्हाला बघण्याआधी वीस वर्षं, तुमच्या स्थानकावरून जाता-येता, तुमचा आवाज ऐकलाय मी. गाडीला उशीर आहे हेसुद्धा तुम्ही असं सांगायचात की माणूस ऐकून सुखावायचा. त्या बाईच्या तोंडी हे? मग वाटलं, नातीचे लाड करताना जीभही लाडावली असेल.

मार्चमध्ये नव्या शाळेत तिची तोंडी परीक्षा आहे. तीन शिक्षकांसमोर उभं राहून ‘माझं घर’ यावर दोन मिनिटं बोलायचं. तिचे आईवडील काळजीत आहेत. तर घसा सुटला की रविवारी फोनवर तिच्याशी बोलाल तेव्हा तेवढा शब्द टाळा, ही विनंती.

घशाला जपा.

बटणची आजी (इकडची. ती तुम्हाला ‘तिकडची आजी’ म्हणते, पण अशा आवाजात म्हणते की इकडचीला ऐकवत नाही.)


२१ जानेवारी

विहीणबाई,

उत्तर आलं नाही. ठीक आहे. मोत्यासारखं अक्षर आहे तुमचं, ते माझ्यासारखीवर कशाला खर्च करायचं. माझं अक्षर लॉन्ड्रीतलं. शाळेची पायरी मी चढले नाही, माझी बाराखडी लोकांच्या कॉलरच्या आतल्या बाजूला झाली. धुऊन न जाणाऱ्या शाईने तिथे नावं आणि नंबर लिहिलेले असतात. आधी आकडे ओळखू आले, मग आडनावं, मग कपडे गुंडाळून यायचे ते वर्तमानपत्राचे कागद. म्हणून माझ्या अक्षरात अजून सगळं ठळक आणि सुटंसुटं येतं.

तुम्ही लक्ष घालत नाही म्हटल्यावर आम्ही तिघांनी घातलं. माझ्या मुलाने फ्रिजवर तक्ता चिकटवला. एकदा ‘आपलं ते हे’ झालं की एक फुली. तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्याला वाटतं बिघाड मोजला की निम्मा दुरुस्त होतो. तुमच्या लेकीची रीत वेगळी. ती म्हणते, शब्द आला नाही तर थांब, श्वास घे, मग बोल. दिवसभर प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासून येते, आणि तरी त्या पोरीसमोर बसून श्वास घेत राहते. तिचं चुकत नाही. पण पोर इतका मोठा श्वास घेते की सांगायचं विसरून जाते.

मग मी माझी रीत काढली. आमच्याकडे धुवायला येणाऱ्या प्रत्येक कपड्याला नंबराची चिंधी लागते, सेफ्टी पिनने. माझ्या एप्रनच्या खिशात त्या कायम असतात. मी बटणला सांगितलं, तो शब्द निघाला की तुझ्या फ्रॉकला एक चिंधी. संध्याकाळी सगळ्या काढून मोजायच्या. पहिल्या दिवशी सतरा निघाल्या. पोर धुवायला आलेल्या गठ्ठ्यासारखी दिसत होती, स्वतःच हसत होती. दुसऱ्या दिवशी बारा. काल चार.

चार, विहीणबाई. दहा महिन्यांचं तुमचं काम मी नऊ दिवसांत उसवलं.

तुम्ही तिला न्यायला आला होतात तो दिवस आठवतो का? तुमच्या लेकीचं प्रशिक्षण तुमच्या गावी, म्हणून मायलेकी तुमच्याकडे राहणार, हे मला पटलं होतं. पोर दारात उभी होती, केस दमट, गाल लाल. तुम्ही तिच्या केसांवरून हात फिरवलात आणि म्हणालात, “वाफेत वाढलेलं पोर आहे हो हे.” दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. त्यांनीही ऐकलं. मी पाठ फिरवून चादर झटकायला घेतली, म्हणून तुम्हाला माझं तोंड दिसलं नाही.

वाफेत वाढली, खरं आहे. दोन महिन्यांची होती तेव्हापासून चादरींच्या टोपलीत निजली. तुमची लेक कामावर जायची, मी एका हाताने इस्त्री आणि एका पायाने टोपली हलवायची. वाफेत वाढली, पण बोलायची स्वच्छ.

असो. घसा अजून बसलेलाच आहे असं कळलं.

इकडची आजी


३ फेब्रुवारी

विहीणबाई,

कळवायला आनंद वाटतो की गेले पाच दिवस एकही चिंधी लागलेली नाही. फ्रिजवरचा तक्ता कोरा. तुमचे जावई म्हणाले, आई, तू मास्तरकीच करायला हवी होती.

पोर जरा शांत झाली आहे. शहाणी झाली म्हणायचं. पूर्वी शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी सगळा दिवस सांगायची. आता विचारलं तर सांगते. “झालं.” “होता.” “माहीत नाही.” वाक्यं छोटी आहेत, पण स्वच्छ आहेत.

एक गोष्ट सांगायची की नाही ते कळत नाही, पण लिहिते. मागच्या आठवड्यात एका दुपारी चादरी वाळतात त्या मागच्या खोलीत गेले तर बोलण्याचा आवाज. दोन चादरींच्या मध्ये बटण उभं. एका उशीच्या अभ्र्याशी बोलत होतं. सगळं सांगत होतं, शाळेत कोण पडलं, कोणाचा डबा सांडला, आणि प्रत्येक दोन शब्दांनी ‘आपलं ते हे, आपलं ते हे’, पाण्यासारखं वाहत होतं. मध्येच म्हणाली, “तुला कळलं ना, तिकडची आजी?”

अभ्रा होता तो. नंबर तीनशे चाळीस. डॉक्टरांच्या घरचा.

मी पाऊल न वाजवता परत फिरले. चिंधी लावली नाही. पण खरं सांगते, त्या अभ्र्याला इस्त्री करताना हात जरा जास्तच दाबला गेला. सहा वर्षं मी काढली, आणि पोर मन मोकळं करायला तुम्हाला शोधते. तेही कपड्यात.

तिच्या हाताला थोडं लागलंय. काळजीचं काही नाही. तुमच्या लेकीने फोनवर सांगितलं असेलच, नसेल सांगितलं तर माझ्याकडून कळलं असं धरा.

इकडची आजी


५ फेब्रुवारी

विहीणबाई,

परवाच्या पत्रात मी खोटं लिहिलं नाही, पण अर्धं लिहिलं. दोन दिवस हातात इस्त्री धरवत नाहीये, म्हणून उरलेलं लिहिते.

एक तारखेची दुपार. मी मागच्या टेबलावर हॉटेलच्या चादरींना इस्त्री करत होते. बटण शेजारी स्टुलावर चित्र रंगवत होतं. पुढे एक गिऱ्हाईक आलं, कोटाच्या बाहीचं बटण गेलं म्हणून भांडायला. मी घाईत उठले आणि इस्त्री उभी करायच्या ऐवजी चादरीवर आडवीच ठेवून गेले. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. त्या गिऱ्हाइकाशी बोलत असताना बटण दारात आलं.

“आजी, आप…” म्हणाली आणि थांबली. माझ्या एप्रनच्या खिशाकडे बघितलं.

ती थांबली याचा मला आनंद झाला. मी तिला बोटाने खूण केली, आधी वाक्य जुळव, मग बोल. ती ओठ हलवत उभी राहिली. परत “आजी,” म्हणाली. परत थांबली. मग वळून आत गेली. मी गिऱ्हाइकाला म्हटलं, “नातीला स्वच्छ बोलायची सवय लावतेय.” मला मिरवायचं होतं, विहीणबाई. कोणापुढे, तर एका बटणासाठी भांडणाऱ्या माणसापुढे.

जळका वास आला तेव्हा मी धावले. चादरीवर तपकिरी डाग, धूर, आणि पोर दोन्ही हातांनी ती जड इस्त्री उचलायला बघत होती. उचलली. तिला पेलली नाही. डाव्या हाताच्या कडेवर टेकली.

ओरडली नाही ती. ओरडायला काही शब्द लागत नाहीत, तरी ओरडली नाही. माझ्याकडे बघत राहिली, चिंधी लागेल की काय अशी.

डॉक्टर म्हणाले खोल नाही, महिन्यात त्वचा येईल, खूण राहील. तुमची लेक मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. माझ्या मुलाने फ्रिजवरचा तक्ता काढला आणि घडी घालून खिशात ठेवला. टाकून का नाही दिला, ते मी विचारलं नाही.

तुम्ही काय म्हणाल ते म्हणा. या खेपेला मी पाठ फिरवणार नाही.

इकडची आजी


११ फेब्रुवारी

विहीणबाई,

आता मला सगळं कळलंय. तुमच्या लेकीने नाही सांगितलं, तुम्ही तिला शपथ घातली होती ना, ती तिने पाळली. बटणने सांगितलं, आणि बटणला शपथ घालायची मात्र विसरलात.

काल पट्टी बदलताना मी तिला विचारलं, बाई गं, ‘आजी, इस्त्री चादरीवर राहिली’ एवढंच तर सांगायचं होतं, का नाही सांगितलंस? ती म्हणाली, “मला इस्त्री म्हणायचं होतं. पण तो शब्द मध्येच पळाला. आपलं ते हे म्हटलं असतं तर परत आला असता. पण ते म्हणायचं नाही ना.”

मी म्हटलं, हे तुला कोणी शिकवलं?

तेव्हा तिने सांगितलं. दिवाणावरून पडलात त्या सकाळबद्दल, दवाखान्याबद्दल. तोंड नंतर सरळ झालं पण शब्द नाही झाले, त्याबद्दल. “तिकडच्या आजीचे शब्द पळतात. तिची काही चूक नसते. मग आम्ही दोघी हात धरून आपलं ते हे, आपलं ते हे म्हणतो, की तो शब्द लाजतो आणि येतो. कधी कधी नाही येत. मग मी सांगते, गाडी, चमचा, असं.”

म्हणजे घसा नव्हताच बसलेला. शेवटचे दोन महिने माझ्या नातीने हात धरून तुम्हाला शब्द शोधून दिले, आणि ती इथे आली तेव्हा तिला वाटलं सगळ्याच आज्यांशी असंच बोलायचं असतं. शब्द सुटला तर समोरच्याला वेळ मिळावा म्हणून ती ‘आपलं ते हे’ आधीच म्हणून ठेवत होती. माझ्यासाठीसुद्धा. आणि मी तिला त्याबद्दल नंबर लावत होते.

ऐकल्याबरोबर मला तुमची कीव आली असं लिहिलं तर शोभेल. पण आली नाही. आधी हेवा वाटला. माझ्या हाताला धरून ती कधी शब्द शोधायला बसली नाही, मला सगळे शब्द येतात म्हणून. कीव नंतर आली, पट्टी बांधून झाल्यावर, मोरीत तोंड धुताना. तो आवाज आठवला. तीस वर्षं एक गाव चुकीचं पुकारलं नाही त्या बाईने, आणि आता चमचा सापडत नाही.

मागची चारी पत्रं बहिणीने तुम्हाला वाचून दाखवली असतील, तर ‘जीभ लाडावली’ हे वाक्य गाळलं असेल अशी आशा करते. गाळलं नसेल तर माफ करा.

चिंध्या मी एप्रनमधून काढून टाकल्या, आता डब्यात असतात. पोरीला म्हटलं, तुला हवं तेव्हा आपलं ते हे म्हण. तिने मान हलवली, पण म्हणाली नाही. हात भाजल्यापासून दहा दिवसांत एकदाही नाही. माझ्याशी तर बोलतच नाही म्हटलं तरी चालेल. विचारलं तेवढंच. दप्तर टाकते आणि चादरींच्या खोलीत जाते. तिथूनही आता आवाज येत नाही.

म्हणून ही विनंती, पहिल्या पत्रातल्याच्या अगदी उलटी. तिला तो शब्द परत द्या. माझ्याकडून ती घेणार नाही. फोनवर यायचं नसेल तर चार ओळी लिहा. जमेल तसं लिहा. माझ्यासाठी नका लिहू.

इकडची आजी


४ मार्च

विहीणबाई,

तुमचं पत्र शनिवारी आलं. पाकिटावरचा पत्ता बहिणीच्या हातचा, आतलं तुमचं. अक्षर मोत्याचं राहिलेलं नाही, माझ्यासारखं झालंय, ठळक आणि सुटंसुटं. क्षणभर बरं वाटलं. मग त्याची लाज वाटली.

बटण शाळेतून आलं तसं मी म्हटलं, तिकडच्या आजीचं पत्र आहे. दप्तर खांद्यावरच राहिलं. इस्त्रीच्या टेबलावर पत्र पसरलं आणि मी वाचायला लागले.

“विहीणबाई, नमस्कार. तुमची सगळी ………”

इथे तुम्ही जागा मोकळी सोडलेली. मी अडखळले. पोर माझ्याकडे बघत होती. मग तिने पट्टी सुटलेला डावा हात माझ्या हातात घातला आणि हळूच म्हणाली, “आपलं ते हे.” मी पुढची ओळ वाचायला गेले, तर मला दटावलं, “तू पण म्हण ना आजी, तरच येतो.” मी म्हटलं. तीनदा म्हटलं. आमचा जुना धोबी धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन दारात उभा होता, त्याला वाटलं दोघींना वेड लागलं.

“पत्रं!” ती म्हणाली आणि कंपासमधली पेन्सिल काढून त्या जागेत लिहिलं.

पुढचं सोपं होतं. “बटणच्या हाताला ……… लावत जा.” तिथे तिने ‘मलम’ लिहिलं, ते मलाही जमलं असतं. “सकाळी ……… पर्यंत चालत जाते.” मी म्हटलं, कोपऱ्यापर्यंत असेल. तर म्हणे, “नाही गं, बसस्थानक. तिथल्या बाकावर आम्ही बसायचो. गाडी आली की ती माझा हात दाबायची, आणि कुठली ते मी ओरडून सांगायची.” मला हे काही माहीत नव्हतं. दहा महिन्यांत तुमच्या दोघींचं एक अख्खं गाव वसलंय, त्यात मला वाट विचारत फिरावं लागतं. पण सांगत होती, विहीणबाई. मला सांगत होती, दप्तर खांद्यावर ठेवून, तासभर, आणि मधे मधे आपलं ते हे.

काल नव्या शाळेतली तोंडी झाली. तुमचे जावई मागच्या भिंतीला टेकून उभे होते. ‘माझं घर’वर दोन मिनिटं बोलायचं होतं, ही साडेतीन बोलली. म्हणाली, माझी दोन घरं आहेत, एकात वाफ असते आणि एकात गाड्या ऐकू येतात. तो शब्द सहा वेळा आला. मोजू नकोस म्हणून सांगितलं होतं, तरी तुमच्या जावयांनी बोटांवर मोजला, ती सवय जायला वेळ लागेल. तिथल्या एका बाईंनी विचारलं, आपलं ते हे म्हणजे काय गं? तर म्हणाली, शब्द येईपर्यंत त्याची जागा धरून ठेवायची. आज यादी लागली. नाव आहे, खालून तिसरं. तुमच्या लेकीने तिथेच उभ्या उभ्या मोठा श्वास घेतला, आणि माझ्याकडे बघून हसली. महिन्याभरात पहिल्यांदा.

आता तुमच्या पत्रातली शेवटची ओळ. “वाफेतलं पोर म्हणाले ते तुम्ही विसरला नाहीत. मी तसं म्हणाले ते ……… नव्हतं.”

तिथे बटणने आपलं ते हे तीनदा म्हटलं, डोळे मिटून म्हटलं, आणि पेन्सिल माझ्यासमोर ठेवली. “हा शब्द माझ्याकडे नाहीये, आजी. हा तुझ्याकडे असेल.”

ते पत्र चार दिवस माझ्या एप्रनच्या खिशात आहे, चिंध्या असायच्या तिथे. माझ्या मनात पहिला शब्द आला तो ‘खोटं’. तसं म्हणाले ते खोटं नव्हतं. तो शब्द त्या जागेत अगदी बेताचा बसत होता, आणि माझा राग आणखी दहा वर्षं पोसला असता त्याने. मग मी तो दिवस परत आठवून बघितला. तुम्ही बोललात तेव्हा मी तुमच्या तोंडाकडे बघितलं नव्हतं. बघितलं होतं ते फक्त हाताकडे. तो तिच्या दमट केसांवरून फिरत होता, आणि मागे घेतला जात नव्हता. हेवा काय मला एकटीलाच वाटू शकतो?

वरची खोली रिकामी आहे. जिना आहे, पण कठडा धरून चढता येतो, जावई दोन्ही बाजूंना लावून देतील. बसस्थानक इथेही आहे, दुकानापासून वळलं की. पोर तुमच्याजवळ झोपायचा हट्ट धरेल, तेव्हा मी काही बोलणार नाही. पोटात दुखेल, ते माझं मी बघेन. इतके महिने लांबून जळले, आता जवळून जळेन, तेवढीच सोबत.

त्या मोकळ्या जागेत मी ‘हिणवून’ लिहिलंय. पेन्सिलीने. चुकलं असेल तर इथे येऊन खोडा. रबर बटणकडे आहे.

इकडची आजी